मालिका, मीटिंग आणि पेटीतले फोन

सापगावहून बोलते आहे. मागच्या वेळी गटाच्या हिशोबाच्या वह्यांबद्दल बोलले होते. नंतर शहापूरच्या बाजारात एका मावशींनी मला धरलं आणि म्हणाल्या, "ताई, बोललीस चांगलं, पण मला झोप लागली." म्हणून आज वही बाजूला. आज टीव्ही. आपण संध्याकाळी ज्या मालिका बघतो, त्यांच्याबद्दल मला काय वाटतं आणि आमच्या गटांतल्या बायांना काय वाटतं, ते सांगणार आहे. तुमचं मत वेगळं असलं तर असू दे.

आधी एक कबुली. गटांचं काम बघायला लागून मला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी मीटिंगमध्ये मालिकेचं नावसुद्धा काढू दिलं नाही. हजेरी, बचत, वसुली, नवी कर्जमागणी, इतिवृत्त, सह्या, संपलं. मध्येच कुणी "काल बघितलंस का गं?" म्हणालं की मी पेन वहीवर आपटायची. मला वाटायचं, बाई घरातून तासभर कशीबशी सुटून येते, आणि तो तास सायली-अर्जुनात घालवायचा? त्यातून वरून कुणी तपासणीला आलं तर? शिवाय गावातले काही पुरुष टपलेलेच असतात, "बचत गट कसला, हा गप्पा गट" म्हणायला. त्यांच्या हातात कोलीत का द्या?

मग एका मंगळवारी माझं पेन आपटायचं राहून गेलं. आवणीचे दिवस होते. बायांचे पाय चिखलाने पांढरे पडलेले, कंबरा धरलेल्या. वसुली उरकली होती आणि पाऊस थांबेना म्हणून सगळ्या ओटीवरच बसून राहिल्या. विषय निघाला 'लक्ष्मी निवास'चा.

ज्या बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही मालिका झी मराठीवर २३ डिसेंबर २०२४ पासून सुरू झाली. मूळ कन्नड मालिकेवरून मराठीत आणली. लक्ष्मी आणि श्रीनिवास हे मध्यमवर्गी नवरा-बायको. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी ही कामं करतात. पोरं मोठी झाली, लग्नं व्हायची आहेत, आणि स्वतःचं घर व्हावं ही त्यांची आयुष्यभराची इच्छा. त्यांची एक मुलगी जान्हवी. तिचं लग्न होतं जयंतशी. जयंत पैसेवाला, दिसायला देखणा, बोलायला गोड. बायकोवर एवढं प्रेम, एवढं प्रेम, की ती दुसऱ्या कुणाशी हसून बोलली तरी त्याला खपत नाही. घरात कॅमेरे लावून तिच्यावर नजर ठेवतो. माहेरच्यांना वाटतं, पोरीने नशीब काढलं. आत काय चाललंय ते एकट्या पोरीला ठाऊक.

तर त्या दिवशी ओटीवर दोन तट पडले. चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच जणी जयंतच्या बाजूने. एक म्हणाली, "बाई, मारत तर नाही ना? जिवापाड जपतो. आमच्याला आम्ही घरात आहोत की नाही हेही कळत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. माझं बी.ए. झालेलं, प्रशिक्षणं झालेली, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यावर दोनदा व्याख्यान ऐकलेलं, तरी मी हसले. आणि वर म्हणाले, "काळजीपोटी करत असेल."

आमच्या एका गटात एक लहान वयाची सून आहे. कुठल्या गावची ते सांगणार नाही, आणि जे सांगते ते तिला विचारून सांगते आहे. तिचा नवरा भिवंडीला गोदामात कामाला. मीटिंगमध्ये तिचा फोन सारखा वाजायचा. व्हिडिओ कॉल. ती उठून कोपऱ्यात जायची, फोन सगळीकडे फिरवून दाखवायची, मग येऊन बसायची. आम्ही तिला चिडवायचो, "करमत नाही वाटतं त्याला!" ती हसायची. आमचं चिडवणं हा जणू मीटिंगचा एक भागच झाला होता.

त्या मंगळवारी मी "काळजीपोटी करत असेल" म्हणाले आणि ती पहिल्यांदा बोलली. मान वर न करता म्हणाली, "जयंत कॅमेरे लावतो ते विकत आणून. आमच्याकडे फोनच आहे."

कुणाला काही सुचेना. पाऊस पत्र्यावर वाजत होता तेवढाच आवाज. मग तिने हळूहळू सांगितलं. तासातासाला फोन. उचलला नाही तर संध्याकाळी घरी आल्यावर जेवत नाही, बोलत नाही, दोन-दोन दिवस. विहिरीवर कोण होतं दाखव. मीटिंगला किती जणी आहेत दाखव, प्रत्येकीचं तोंड दाखव. म्हणजे ती फोन फिरवायची तेव्हा आम्ही कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचो ना, ती हजेरी होती. आमच्या हजेरीच्या वहीपेक्षा कडक.

मला त्या दिवशी फार लाज वाटली. दोन वर्षं ती पोरगी माझ्यासमोर बसत होती. मी तिला विचारलं होतं, कर्ज हवं का, शेळीचा विमा काढला का, आधार लिंक झालं का. हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. "नवरा त्रास देतो का?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे, "नाही हो, चांगला आहे." पण जान्हवीबद्दल बोलता येतं. जान्हवी आपल्या गावची नाही, आपल्या भावकीतली नाही. तिचं नाव घेतल्याने कुणाची अब्रू जात नाही.

तेव्हापासून मी मीटिंगच्या शेवटी पंधरा मिनिटं मालिकेला दिली. इतिवृत्तात "इतर विषय" असं लिहिते. तपासणीला येणाऱ्या ताई-दादांनी ऐकत असाल तर आता कळलं तुम्हाला.

या पंधरा मिनिटांत गेलं वर्षभर काय काय ऐकलं ते सांगते.

जान्हवीचंच आधी पुढे. मालिकेत शेवटी ती पोरगी जयंतच्या तावडीतून सुटायला समुद्रात उडी मारते. त्या भागाची किती जाहिरात झाली! आमच्याकडेही त्या रात्री सगळ्या टीव्हीसमोर. लाईट जाऊ नये म्हणून एकीने तर देवाला साखर ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, चाळिशीच्या पुढच्याच एका ताईंनी, ज्या आधी जयंतच्या बाजूने होत्या त्यांनी, विचारलं, "एवढ्या मोठ्या घरात राहते, शिकलेली आहे, हातात एवढा मोठा फोन आहे. तिला एक नंबर माहीत नव्हता? समुद्रच दिसला?"

मला ही मालिकेवरची सगळ्यात खरी टीका वाटली. मालिकावाल्यांना समुद्र दाखवायला आवडतो, बोटीवर शूटिंग करता येतं. पण आपल्याकडे समुद्र नाही बायांनो, आपल्याकडे भातसा आहे, विहिरी आहेत, आणि त्यांची भीती काय असते ते आपल्याला कुणी सांगायला नको. लाखो बाया बघत असताना जान्हवीने एकदा १८१ लावलेला दाखवला असता तर मालिकेचं काय बिघडलं असतं? मी सांगते तो नंबर. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. पैसे लागत नाहीत. जिवावर बेतलं असेल, त्या क्षणी मदत हवी असेल, तर ११२. आणि मारहाण झाली तरच हिंसाचार, असं कायदा म्हणत नाही. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शिव्या, अपमान, धमकी, मानसिक छळ येतो. पैसे अडवून ठेवणं, बाईचे दागिने नाहीतर पगार काढून घेणं, हेसुद्धा येतं. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. अंगणवाडी ताईंना विचारलं तरी ते कुठे भेटतात ते कळतं.

त्या सुनेचं काय झालं ते थोड्या वेळाने सांगते. मध्ये दुसऱ्या मालिकांकडे जाऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई रडवायलाच बसली.

'आई कुठे काय करते!' ही आमच्या घरी माझ्या सासूबाईंची मालिका. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. तीही मूळची बंगाली, आणि हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली. अरुंधतीचं काम मधुराणी प्रभुलकर यांनी केलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी अरुंधतीला कळतं की नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे. पुढे ती घटस्फोट घेते, गाणं शिकलेली असते ते पुन्हा धरते, कमावते, दुसरं लग्नही करते.

शेवटी शेवटी ती मालिका इतकी ताणली की मी उठून भाकऱ्या थापायला जायची. पण पहिली दोन वर्षं चांगली होती हे मानलंच पाहिजे. माझ्या सासूबाई फार बोलत नाहीत. अरुंधती घटस्फोट घेते तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला नाही, "काय हे थेर" म्हणाल्या नाहीत, ज्याची मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "हिला कुणीतरी विचारलं तरी, तुला काय येतं म्हणून." मी विचारलं, "तुम्हाला काय येतं, आई?" बाईला लग्नाआधी भातुकलीसारखी नव्हे, खरी टोपली विणता येत होती. तीन प्रकारची. लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, मला घरात येऊन चौदा. मला माहीत नव्हतं.

आता यात गंमत सांगते. अरुंधतीचा दुसरा नवरा आशुतोष. ते काम ओंकार गोवर्धन यांनी केलं. आमच्या गटांतल्या बाया आशुतोषवर भलत्याच खूश होत्या, असा समजूतदार माणूस कुठे मिळतो म्हणायच्या. पण त्याच माणसाने त्याच्या आधी जोतीराव फुल्यांचं काम केलं होतं, हे आमच्या बावीस जणींत फक्त दोघींना आठवत होतं. 'सावित्रीजोती' ही सोनी मराठीवरची मालिका, जानेवारी २०२० ला सुरू झाली, अश्विनी कासार सावित्रीबाई झाल्या होत्या. वर्ष पुरं व्हायच्या आत, डिसेंबर २०२० मध्ये ती बंद पडली. कारण, प्रेक्षक पुरेसे मिळाले नाहीत. ज्या बाईमुळे मी आज ही चिठ्ठी वाचून तुमच्याशी बोलते आहे, तिची मालिका वर्षभर चालली नाही, आणि कट-कारस्थानं पाच-पाच वर्षं चालतात. मी दुसऱ्यांना बोल लावत नाही. मीही ती मधूनमधूनच पाहिली. चांगलं आहे, नंतर बघू, असं म्हणत राहिले आणि ती संपली.

कुणी विचारेल, प्रेक्षक मोजतात कसे? आमच्या घरी तर कुणी विचारायला आलं नाही. सगळ्यांच्या घरी येत नाहीत. देशभरातून काही हजार घरं निवडतात, त्यांच्या टीव्हीला एक यंत्र जोडतात, आणि त्या घरांत काय बघितलं जातं त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतात. आणि खेड्यांतली घरं या नव्या मोजणीत आली ती २०१५ च्या ऑक्टोबरपासून. म्हणजे खेड्यातली बाई काय बघते याला किंमत यायला लागून फार वर्षं झालेली नाहीत. मला वाटतं म्हणूनच मालिकांतली घरं अजून आपल्यासारखी दिसत नाहीत.

घरांवरून आठवलं. आमच्या गटातल्या एक आजी आहेत. सत्तरीच्या. त्यांना दिसतं कमी, पण टीव्हीच्या अगदी जवळ खाट ओढून बसतात. त्या मला म्हणाल्या, "ह्या बाया दिवसभर एकमेकींकडं डोळे वटारून बघतात. ह्या पाणी कधी भरतात?" मी नंतर लक्ष ठेवून बघितलं. खरंच, कुणी पाणी भरत नाही. नळ सोडला की येतं. येणारच. भातसाचं पाणी मुंबईला जातं, आणि धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. मालिकेतल्या बाईच्या स्वयंपाकघरात जे पाणी धो-धो वाहतं, ते कदाचित आपल्याच तालुक्यातून गेलेलं असेल. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तिला सांग, नळ बंद कर."

गावावरूनही कार्यक्रम निघतात. झी मराठीवर २०२३ च्या डिसेंबरात 'जाऊ बाई गावात' सुरू झाला होता. शहरात लाडात वाढलेल्या मुली आणल्या आणि सातारा जिल्ह्यातल्या बावधन गावात ठेवल्या. हार्दिक जोशी सूत्रसंचालक. मुलींनी गाई-म्हशींचं बघायचं, शेतात काम करायचं, चूल पेटवायची. जी टिकेल ती जिंकणार. रमशा फारूकी जिंकली. पोरगी जिद्दीची होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे तो कार्यक्रम फार आवडला होता, पोरींची फजिती बघून पोटं धरून हसलो आम्ही.

पण हसून झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, "शेण काढायला लावलं म्हणून ती रडली, आणि सगळा महाराष्ट्र हळहळला. मी पस्तीस वर्षं काढते." एवढंच म्हणाल्या आणि सुपारी कातरायला लागल्या. त्यांना बक्षीस नको होतं. आपण रोज जे करतो ते दुसऱ्याला शिक्षा म्हणून दिलं जातं, हे बघताना कसं वाटतं, ते त्या सांगत होत्या. त्या कामाला मजुरी धरायची झाली तर किती होईल, असा हिशोब मग आम्ही मीटिंगमध्येच मांडला. गोठा, पाणी, सरपण, स्वयंपाक, आवणी. तास मोजले. मावशींचे सोळा भरले. वहीत मी ते पान फाडलं नाही, तसंच ठेवलं आहे.

'ठरलं तर मग!' बद्दल थोडक्यात. डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे, जुई गडकरी सायली आणि अमित भानुशाली अर्जुन वकील. मधुभाऊंवर खुनाचा खोटा आळ, आणि ती केस कोर्टात. निकालाच्या आठवड्यात आमच्याकडे दोन बायांचा हप्ता द्यायचा राहून गेला. मला त्यातलं कोर्ट पटत नाही. वकील एकाच केसच्या मागे एवढा कसा राहतो, त्याला दुसरं काम नाही का? आमच्या एका ताईंची माहेरच्या जमिनीची केस मधुभाऊंच्या केसपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि त्यांचा वकील फोन उचलत नाही. पण त्यावरून एक उपयोगाची गोष्ट निघाली. बाईला वकील फुकट मिळू शकतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा. फोन करायचा तर १५१००. आमच्या त्या ताईंनी अर्ज दिला आहे.

मी प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा तिथल्या एका मॅडमनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी तो केला, २००९ साली छापून आला. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा अशा राज्यांतल्या खेड्यांत नवीन केबल टीव्ही आला, तेव्हा तिथल्या बायांमध्ये काय बदललं ते त्यांनी तपासलं. जिथे केबल आली तिथे "नवऱ्याने मारलं तर चालतं" म्हणणाऱ्या बाया कमी झाल्या. मुलगाच हवा म्हणणाऱ्या कमी झाल्या. आणि ते काही शिकवणीचे कार्यक्रम बघत नव्हते, साध्या मालिकाच बघत होते. दूरदर्शनचं 'हम लोग' १९८४ साली लागायचं, त्यात शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. इथे तेही नव्हतं.

ते ऐकून मला आधी विश्वास बसला नाही. कारण मी आजूबाजूला बघते तर मालिका बघून बाया उपास वाढवतात, मंगळसूत्राची डिझाइनं मागतात, आणि सुनेवर संशय घेतात. तेही खरं आहे, मी ते नाकारणार नाही. एका घरात सासूने मालिकेत बघून सुनेच्या दुधाच्या पेल्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली होती! पण नंतर माझ्या लक्षात आलं की बदल टीव्ही बघताना होत नसेल. बघताना तर आपण भाजी निवडत असतो. तो दुसऱ्या दिवशी विहिरीवर होत असेल, जेव्हा एक म्हणते, "मी असते तर नसतं ऐकलं," आणि दुसरी म्हणते, "तू? तू तर काल..." आणि तिथून पुढे. आता विहिरीवर बाया एकत्र जमतच नाहीत तेवढ्या. प्रत्येकीच्या हातात वेगळा मोबाईल, प्रत्येक जण वेगळी मालिका आपापल्या वेळी बघते, कानात दोरी घालून. बघतो सगळ्याच, बोलत कुणीच नाही. म्हणून मला मीटिंगमधली पंधरा मिनिटं जास्त महत्त्वाची वाटायला लागली आहेत. वसुलीच्या पंधरा मिनिटांपेक्षा जास्त असं म्हणणार नाही, बँकवाले ऐकत असतील.

मालिकांबद्दल माझी एक तक्रार मात्र आहेच. बाई घर सोडते, दुकान काढते, मोठी होते, सगळं दाखवतात. पण पैसे कुठून आणले? कधी एखादा भला माणूस देतो, कधी दागिना गहाण. दर आठवड्याला पन्नास-शंभर साठवून, दहा जणींच्या सहीने कर्ज काढून, हप्ता चुकला म्हणून शेजारणीचं तोंड चुकवून, तरी पुढच्या मंगळवारी येऊन बसणारी बाई मी तरी मालिकेत बघितलेली नाही.

आता पुन्हा 'लक्ष्मी निवास'. लक्ष्मी आणि श्रीनिवासच्या घराच्या स्वप्नावरून आमच्याकडे जो प्रश्न निघाला तो मी विसरणार नाही. एक जण सहज म्हणाली, "मालिकेचं नाव लक्ष्मी निवास आहे. पण घर झालं तर कागदावर नाव कुणाचं?" मग मी विचारलं, "तुमचं घर कुणाच्या नावावर आहे?" बावीस जणींत चौघींना माहीत होतं. बाकीच्यांचं उत्तर, "यांच्याच नावावर असेल," नाहीतर "सासऱ्यांच्या." असेल! ज्या घराच्या भिंती आपण दर दिवाळीला सारवतो, त्याचा उतारा आपण कधी बघितलेला नाही.

ग्रामपंचायतीत नमुना नंबर आठचा उतारा मागायचा. घरपट्टी कुणाच्या नावाने आकारतात ते त्यात असतं. घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावता येतं, त्यासाठी नवऱ्याची संमती लागते. शेतजमिनीचंही तसंच आहे. १९९२ सालची लक्ष्मी मुक्ती योजना आहे, त्यात नवरा जिवंत असताना सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. योजनेचं नावही लक्ष्मीच आहे बघा. आमच्या सहा जणींनी आतापर्यंत उतारे काढून आणले. दोन घरांत दोघांची नावं निघाली, घरकुलाची घरं होती ती. एका घरात मेलेल्या आजेसासऱ्यांचं नाव अजून आहे. एकीच्या नवऱ्याने विचारलं, "कशाला पाहिजे उतारा?" ती म्हणाली, "मीटिंगमध्ये मागितलाय." हे वाक्य आमच्याकडे फार कामी येतं.

तेच वाक्य त्या सुनेच्या कामी आलं.

तिला आम्ही विचारलं होतं, आम्ही काय करावं असं तुला वाटतं? कुणाला तरी वाटत होतं की सगळ्या मिळून त्याच्या घरी जाऊ, त्याला जाब विचारू. ती घाबरली. म्हणाली, "तुम्ही जाल, बोलाल आणि निघून याल. रात्री मी असेन तिथं." तिचं बरोबर होतं. १८१ चा नंबर तिने घेतला, पण फोनमध्ये ठेवला नाही, कारण फोन तपासला जातो. पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिला. मग ती म्हणाली, "मला एक तास द्या. मीटिंगचा एक तास फोन वाजायला नको."

त्यावर उपाय काढला आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी. गटाची लोखंडी पेटी आहे, पासबुकं, शिक्का, पावत्या ठेवतो ती. ठराव केला की मीटिंग सुरू झाली की सगळ्यांचे फोन बंद करून पेटीत. सगळ्यांचे, माझासुद्धा. वहीत ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि दोन वडीलधाऱ्या बायांनी जाऊन तिच्या सासूला सांगितलं, "गटाचा नियम झालाय, पैसे मोजताना चूक होते फोनमुळे." सासूने मुलाला सांगितलं. पहिल्या मंगळवारी तो चिडला. दुसऱ्या मंगळवारी त्याने गटातल्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला फोन लावला, खरं आहे का विचारायला. खरं होतं. त्याची बायकोही उचलत नव्हती. तिसऱ्या मंगळवारपासून त्या तासाचा विषय निघाला नाही.

बाकीच्या तेवीस तासांचं अजून सुटलेलं नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं. अधूनमधून अबोला होतो. पण ती आता मीटिंगमध्ये भिंतीला टेकून बसते, कोपऱ्यात नाही. मागच्या मंगळवारी तिने सरळ सांगून टाकलं की तिला जयंतपेक्षा जान्हवीच्या आईचा राग येतो. पोरगी एवढी गप्प झाली होती, आईला दिसलं कसं नाही? त्यावर सगळ्या लक्ष्मीची बाजू घ्यायला धावल्या आणि भांडण अजून मिटलेलं नाही. या मंगळवारी पुढे चालू होईल.

तुमच्या गटात यावर काय म्हणतात ते मला कळवा. केंद्रावर चिठ्ठी द्या किंवा बाजारात भेटलात तर सांगा. आता आठ वाजत आले, लाईट आहे तोवर मी थांबते. नमस्कार.